लीलँडचे उरलेले सात ठोके

लीलँड होबार्टच्या अंत्यविधीत, भर चर्चमध्ये, ड्रम फुटला.

फुटला नाही. हे पहिलं वाक्य वाचलंत तसं विसरून जा. त्या दिवशी ओहायोतल्या हेझलफर्डच्या लुथरन चर्चमध्ये दोनशे अकरा माणसं होती आणि त्यांतल्या दोनशे दहांना ड्रम फुटल्याचं आठवत नाही. पास्टरना विचारा, ते हवामानाबद्दल बोलतील. पुढच्या बाकावरच्या मिसेस ग्रिम त्या आवाजासरशी ताडकन उभ्या राहिल्या होत्या. त्या सांगतात, पायाला मुंग्या आल्या होत्या. तेव्हा ड्रम फुटला नाही, असं धरून आपण पुढे जाऊ.

अडचण एवढीच, की उरलेल्या एकाला हे मान्य नाही. त्याचं नाव अर्विन क्लोट्झ, आणि त्या ड्रमवर कातडं त्यानेच चढवलं होतं.

पेल्ट्झर ड्रम कंपनीत अर्विन एकेचाळीस वर्षं कातडी चढवत होता. वासराचं कातडं रात्रभर भिजवायचं, ओलं असतानाच लाकडी कड्यावर पसरायचं आणि त्याची कड कड्याखालून दुमडून आत खोचायची. खोचायचं हत्यार म्हणजे त्याच्या आईचा सूप प्यायचा चमचा, घासून बोथट केलेला. आई गेली तेव्हा भावांनी घर घेतलं, शेत घेतलं, याने चमचा मागितला. भावांना वाटलं, दुःखाने याचं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी तो कामावर वेळेत हजर होता, चमच्यासकट.

भिंतीपलीकडच्या शेडमध्ये लीलँड मेपलच्या फळ्या वाफेवर वाकवून ड्रमची खोडं बनवायचा. भिंतीला एक खिडकी होती, आणि त्या खिडकीतून अडतीस वर्षं एकच भांडण चाललं होतं. ड्रमचा आवाज कोणाचा?

"कातड्याचा," अर्विन म्हणायचा. "तुझं खोड नुसतं उभं असतं. चौकटीसारखं."

"आवाज लाकडाचा. तुझं कातडं दार ठोठावतं, एवढंच. दार उघडून बाहेर येतं ते माझं लाकूड."

"मग कातडं काढून वाजवून दाखव ना एकदा."

"दाखवीन. ऐकायला जिवंत राहा म्हणजे झालं, म्हाताऱ्या."

"तीन वर्षांनी मोठा तू आहेस, थेरड्या."

एवढं झालं की खिडकी बंद व्हायची आणि दोघं कामाला लागायचे. युद्धाच्या काळात ड्रमच्या वजनात दहावा हिस्साच लोखंड चालेल असा हुकूम निघाला, तेव्हा लोखंड कमी करण्याऐवजी एकूण वजन वाढवावं म्हणून लीलँडने नमुन्याच्या ड्रममध्ये वीट घातली. "वीट काही लोखंड नाही," तो म्हणाला. तपासनिसाने ड्रम तोलला, वीट तोलली, दोन्ही नोंदवली आणि ड्रम विटेसकट पास केला. त्यावरही अर्विनचं म्हणणं हेच होतं, की बघ, तुझ्या लाकडाला आणि विटेला सरकार एकाच रकान्यात मांडतं.

ही कंपनी निघाली तीच मुळी झाकणं संपली म्हणून. सन अठराशे त्र्याऐंशीमध्ये म्हाताऱ्या गॉटलीब पेल्ट्झरचा चीजचे गोल लाकडी डबे बनवायचा धंदा होता. एका वर्षी डबे झाले चारशे आणि झाकणं झाली तीनशे. उरलेल्या डब्यांवर त्याने कातडं ताणून बसवलं, चीज टिकेल म्हणून. चीज टिकलं नाही, पण एका गिऱ्हाइकाने डबा वाजवून पाहिला. पुढचा पंचाहत्तर वर्षांचा इतिहास हा त्या न झालेल्या शंभर झाकणांचा आहे.

गॉटलीबचा पाद्र्यांवर विश्वास नव्हता. मेलेल्या माणसाबद्दल पाद्री वाटेल ते चांगलं बोलतो, असं त्याचं मत होतं. म्हणून त्याने कारखान्यात एक रीत घालून दिली. कामगार गेला, की नव्या कातड्याचा ड्रम चर्चमध्ये न्यायचा आणि फोरमनने ठोके द्यायचे: जितकी वर्षं नोकरी, तितके ठोके. एक जास्त नाही, एक कमी नाही. दोन ठोक्यांच्या मध्ये एक पूर्ण श्वास. मग तो ड्रम कारखान्याच्या जेवणघरातल्या फळीवर ठेवायचा. एकदा रंगखात्यातला एक माणूस चारच महिने काम करून न्यूमोनियाने गेला. त्याचा हिशेब एक तृतीयांश ठोक्याचा होत होता. फोरमनने काठी उचलली, कातड्यापाशी आणली आणि तिथेच थांबवली. हेझलफर्डमध्ये अजूनही म्हणतात, त्यासारखा ठोका पुन्हा कोणाला जमला नाही.

सन अठ्ठावन्नच्या जानेवारीत लीलँडच्या काळजाने काम थांबवायची नोटीस दिली. अर्विन रोज संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन बसायचा. लीलँडची बायको व्हर्ना कॉफी आणून ठेवायची आणि दोघांनाही बजावायची, "भांडू नका. डॉक्टरांनी भांडायला मनाई केलीय."

"मग जगायचं कशावर?" लीलँड म्हणायचा.

शेवटच्या शुक्रवारी तो उशीला टेकून बसला होता. बोटांची नखं निळी पडली होती. म्हणाला, "अर्विन, अडतीस."

"माहितीये मला. मी काय मोजायला शिकायला आलोय?"

"कातडं तू चढवायचंस. त्या रसेलचा रेनकोट माझ्यावर नको."

"नाही येणार."

"शब्द दे. अडतीसच्या अडतीस."

"दिला."

लीलँडने डोळे मिटले. मग एक डोळा उघडून म्हणाला, "आणि ऐक. आवाज लाकडाचाच असतो."

अर्विन उत्तर देणार होता. उत्तर चांगलं होतं. पण व्हर्ना दारात उभी होती, म्हणून त्याने ते दुसऱ्या दिवसासाठी ठेवलं. दुसऱ्या दिवशी लीलँड नव्हता.

रेनकोट म्हणजे प्लास्टिक. गॉटलीबचा पणतू रसेल पेल्ट्झर दोन वर्षांपूर्वी मालक झाला होता, आणि देशभरातल्या सगळ्या ड्रमवाल्यांप्रमाणे त्याने कातड्याऐवजी ताणायची प्लास्टिकची पानं आणली होती. प्लास्टिक ओलीने सैल पडत नाही, उन्हाने ताणत नाही, त्याला खोचायला कोणाच्या आईचा चमचा लागत नाही. माणूस वाईट नव्हता. फक्त चार वर्षांचा असताना तो कातडी भिजवायच्या टाकीत पडला होता, आणि अर्विननेच त्याला पायाला धरून बाहेर काढलं होतं. कंपनीच्या भवितव्याचा निर्णय बहुधा त्याच वेळी झाला असावा.

रसेल कातडीखोलीच्या दारात आला. आत तो सहसा येत नसे.

"वाईट झालं, अर्विन. लीलँडसारखा माणूस पुन्हा मिळायचा नाही."

"नाहीच मिळायचा."

"तुम्हाला ठाऊक आहे, महिनाअखेर ही खोली बंद होतेय. तुम्हाला मी दुसरीकडे घेतोच आहे, ती काळजी नको. पण मी म्हणत होतो... लीलँडसाठी नवं पान लावू या का? खात्रीचं आहे. फुटत नाही."

"रसेल," अर्विन म्हणाला, "माणूस गेलाय. त्याच्यापुढे कधीच न फुटणारी वस्तू वाजवायची? बरं दिसतं का ते?"

रसेल दारातून मागे सरला. तो म्हणाला, "तरी एक गाडीत ठेवून आणतो. नडीअडीला."

ते 'नडीअडीला' अर्विनच्या जिव्हारी लागलं.

लीलँडने वाकवलेलं शेवटचं खोड वाफेच्या शेडमध्येच होतं. आतल्या बाजूला पेन्सिलने तारीख आणि 'ली. हो.' असं लिहिलेलं. अर्विनने साठवणीतलं सगळ्यात चांगलं कातडं काढलं, मधोमध पाठीच्या कण्याची फिकट रेघ असलेलं. ते भिजवलं, खोचलं आणि दोन दिवस शेगडीवर पाण्याची बादली ठेवून सावकाश सुकू दिलं. नव्या माणसांना तो जे पढवायचा ते त्याने तोंडाने म्हणूनही दाखवलं, समोर कोणी नव्हतं तरी: कातडं म्हणजे जिवंत वस्तू. बाहेर वाजेल ते आत वाजणार नाही. घरात वाजवायचं असेल तर अंगणात कधीच ताणू नये.

अंत्यविधीच्या सकाळी बर्फ वितळत होता आणि नदीवरून धुकं आलं होतं, इतकं की चर्चच्या पायऱ्यांवरून चर्च दिसत नव्हतं. लीलँडची शवपेटी घेऊन येणारी गाडी चिखलात अडकली. अर्धा तास सगळे पायऱ्यांवर उभे राहिले, आणि त्यांच्याबरोबर ड्रमही. फोरमन चेस्टरने हात बसावा म्हणून नमद्याचा गोळा लावलेल्या काठीने हलकेच एक ठोका दिला.

आवाज आला भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा.

चेस्टरने अर्विनकडे पाहिलं. रसेलने कोणाकडेच पाहिलं नाही. त्याने सभ्यपणे आपल्या गाडीकडे पाहिलं.

"आवाज जरा बसलाय का?" रसेलने विचारलं.

"धुकं आहे," अर्विन म्हणाला. "आत गेलं की उठेल."

"नाही, म्हणजे, आपल्याकडे ते दुसरं आहे, म्हणून म्हटलं."

एकेचाळीस वर्षांत जे अर्विनने कोणालाही करू दिलं नव्हतं, ते त्याने त्या क्षणी केलं. खिशातून चावी काढली आणि ड्रमभोवती फिरून एकेक स्क्रू अर्धा आटा पिळला. मग, रसेल पाहत होता म्हणून, आणखी पाव आटा.

चेस्टरने ठोका दिला. ड्रम खणखणीत बोलला. रसेलने मान डोलावली. अर्विनने चावी खिशात टाकली. त्याला स्वतःबद्दल चार वर्षांच्या मुलाइतकी खात्री वाटत होती.

त्याला एक गोष्ट माहीत नव्हती. तो मेथडिस्ट, म्हणजे दुसऱ्या चर्चचा. त्याच्या चर्चमध्ये फेब्रुवारीत लोक कोट घालून देवाला भेटतात. लुथरनांनी मात्र आदल्याच आठवड्यात केक आणि फळं भरून भाजलेले 'पाय' विकून जमवलेल्या पैशांतून तळघरात नवी भट्टी बसवली होती. आत शिरताच त्याच्या चष्म्यावर वाफ धरली. ती पुसून पाहतो तर ड्रम ठेवला होता वेदीच्या डावीकडे, बरोबर जमिनीतल्या जाळीवर, जिथून भट्टीची सुकी गरम हवा वर येते.

पास्टर बोलत होते. लीलँड दयाळू होता, लीलँड नम्र होता, लीलँड कधी कोणाशी वाद घालत नसे. अर्विन ऐकत नव्हता. तो ड्रम ऐकत होता. तिसऱ्या बाकावर बसूनही त्याला कळत होतं: कातडं बारीक टिकटिकत होतं, खिडकीला बर्फाचा कण लागावा तसं. चावी खिशात होती. उठायचं, दहा पावलं जायचं, प्रत्येक स्क्रू अर्धा आटा सैल करायचा. एवढंच. पण मधल्या वाटेच्या पलीकडे रसेल बसला होता, मांडीवर हॅट ठेवून. अर्विनने चावी मुठीत घट्ट धरली आणि बसून राहिला. तिचा वळ तळहातावर दोन दिवस होता.

मग चेस्टर उभा राहिला आणि ठोके सुरू झाले.

पहिला ठोका चांगलाच होता, जरासा चढा. पाचवा त्याहून चढा. दहाव्या ठोक्याला ड्रमचा आवाज पुरुषाचा होता, पंधराव्याला बाईचा, आणि बाविसाव्याला मागच्या बाकावरचं एक तान्हं बाळ त्याला उत्तर देऊ लागलं. कोणी हसलं नाही. हेझलफर्डमध्ये प्रार्थना चुकली तर ती देवाची बाब, पण ठोक्यांच्या वेळी सगळं गाव मनात मोजत असतं. दोनशे अकरा जोडी ओठ हलत होते. सत्तावीस. अठ्ठावीस. चेस्टरच्या कपाळावर घाम आला होता. तो काठी आता जपून टेकवत होता, झोपलेल्याला उठवावं तशी. तीस.

एकतिसाव्या ठोक्याला बंदुकीसारखा आवाज झाला. कण्याच्या फिकट रेघेवर कातडं या काठापासून त्या काठापर्यंत उललं, आणि चेस्टरचा हात काठीसकट मनगटापर्यंत लीलँडच्या शेवटच्या ड्रममध्ये गेला.

मिसेस ग्रिमच्या पायाला मुंग्या आल्या त्या याच वेळी.

पास्टर दुसऱ्या गावचे होते. त्यांना वाटलं, शेवट असाच असतो. ते म्हणाले, "आमेन."

कोणीही आमेन म्हणालं नाही. चर्चमध्ये भट्टीची घरघर तेवढी ऐकू येत होती. रसेल अर्धा उठला, दाराकडे, गाडीकडे पाहिलं, आणि पुन्हा बसला. हे मात्र त्याच्या बाजूने लिहून ठेवलं पाहिजे, की तो बसला.

तेव्हा पहिल्या बाकावरून व्हर्ना बोलली. जेवायला ताटं कमी पडली असं सांगावं, तेवढ्याच आवाजात.

"सात राहिलेत."

अर्विन उठला. दहा पावलं गेला. चेस्टरच्या हातून काठी घेतली. ड्रमच्या कारखान्यातल्या माणसांना ड्रम वाजवता येत नाही, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. अर्विनने आयुष्यात एकदाही काठी धरली नव्हती. त्याने फाटलेल्या कातड्याकडे पाहिलं. त्याच्या फटीतून आतली पेन्सिलची अक्षरं दिसत होती, ली. हो. मग त्याने काठी उलटी धरली, नमदा मुठीत आणि लाकूड बाहेर, आणि मेपलच्या उघड्या अंगावर ठोका दिला.

आवाज आला. मोठा नव्हता. कोरडा, आखूड, स्वच्छ. पण तो छताच्या तुळयांपर्यंत गेला आणि तिथे क्षणभर थांबला. अर्विनने एक पूर्ण श्वास घेतला. तेहतीस. पुन्हा एक श्वास. चौतीस. पस्तीस. मेलास आणि जिंकलास, थेरड्या. छत्तीस. सदतीस. शेवटच्या ठोक्याआधी त्याने जरा जास्तच वेळ घेतला, कारण त्यानंतर लीलँडला सांगायचं काही उरणार नव्हतं.

अडतीस.

"आमेन," व्हर्ना म्हणाली, आणि मग सगळे म्हणाले.

तळघरात जेवण होतं. हॅम, बटाट्याचं सॅलड, लोणच्यातली बीटं, सात प्रकारचे 'पाय'. अर्विन ताट घेऊन कोपऱ्यात उभा राहिला आणि लोक एकेक करून त्याच्याजवळ आले.

"छान वाजला हो ड्रम," मिसेस ग्रिम म्हणाल्या.

"फुटला तो."

"काय फुटलं?"

"ड्रम. तुमच्यासमोर."

"काहीतरीच. घ्या, हा चेरी पाय माझा आहे."

चेस्टर आला. "अर्विन, कातडं काय टिकलं रे. मानलं."

"चेस्टर, तुझा हात आत गेला होता."

"माझा? छे! मनावर घेऊ नकोस." चेस्टरच्या मनगटावर पट्टी होती.

गोड वाढायच्या वेळेपर्यंत गावाचं ठरून गेलं होतं. त्यात कपट नव्हतं. महिनाअखेर खोली बंद होणार होती. एकेचाळीस वर्षं कातडी चढवलेल्या माणसाचं शेवटचं कातडं फुटलं असं म्हणवेल कोणाच्याने? हेझलफर्डच्या लोकांनी अर्विनला जे देण्यासारखं होतं ते दिलं. सगळ्यांनी मिळून.

त्याने पहिले काही दिवस ते घेतलंही. कातडीखोली बंद झाली. टाकी उलटी करून कोणीतरी त्यात फुलझाडं लावली. रसेलने त्याला पॅकिंगमध्ये घेतलं, जिथे तो प्लास्टिकची पानं कागदात गुंडाळायचा. वागवायचे सगळे नीट. लीलँडचा ड्रम जेवणघरातल्या फळीवर गेला, फाटकी बाजू भिंतीकडे करून. मे महिन्यात कंपनीच्या पंचाहत्तरीची पुस्तिका छापून आली. तिच्या तिसऱ्या पानावर लिहिलं होतं: "फेब्रुवारीत आमचे ज्येष्ठ कारागीर लीलँड होबार्ट यांना पारंपरिक कातडी ड्रमवर अडतीस ठोक्यांची मानवंदना देण्यात आली."

अर्विन पुस्तिका घेऊन रसेलच्या खोलीत गेला.

"हे खोटं आहे."

रसेलने दार लावून घेतलं. "अर्विन, तुमच्यासाठीच लिहिलंय ते. मला काय, मी तर उलट लिहिलं असतं तर माझा प्लास्टिकचा खप वाढला असता."

"माझ्यासाठी नको. त्याच्यासाठी लिही. एकतीस कातड्यावर झाले, सात लाकडावर."

"म्हणजे ड्रम फुटला असं छापू? ड्रमच्या कंपनीच्या इतिहासात?"

"तो फुटला नसेल, तर ते सात ठोके लाकडावर पडलेच नाहीत. आणि ते पडले नसतील, तर तो जिंकलाच नाही." अर्विनचा आवाज चढला, कातड्यासारखा. "अडतीस वर्षं भांडला रे माझ्याशी. मेल्यावर जिंकला. तेवढं तरी त्याचं त्याला राहू दे."

रसेलने खिडकीबाहेर पाहिलं. टाकीतली फुलं दिसत होती.

"लेखी द्या," तो म्हणाला. "संचालकांपुढे ठेवतो."

अर्विनने लेखी दिलं. पॅकिंगच्या कागदावर, पेन्सिलने, दुपारच्या सुट्टीत, जेवणघरात त्या फळीखाली बसून.

"प्रति, संचालक मंडळ, पेल्ट्झर ड्रम कंपनी. विषय: पुस्तिकेतील पान तीनवरील दुरुस्ती आणि इतर. महोदय, पान तीनवर लीलँड होबार्ट यांच्या ठोक्यांबाबत चुकीची नोंद झाली आहे. ड्रम एकतिसाव्या ठोक्याला फुटला. चूक खाली सही करणाऱ्याची आहे: त्याने कातडं धुक्यात ताणलं. उरलेले सात ठोके लाकडावर झाले आणि ते उत्तम ऐकू आले, सबब आवाज कोणाचा हा वाद लीलँड होबार्ट यांच्या बाजूने निकालात काढावा आणि तसं छापावं. दुसरं असं, की खाली सही करणाऱ्याने आपल्यासाठी एक कातडं घरी जपून ठेवलं आहे. त्याचे एकेचाळीस ठोके आहेत. ते मोडू नयेत म्हणून, त्याच्या अंत्यविधीच्या दिवशी (तारीख आगाऊ कळवता येत नाही, क्षमस्व) चर्चच्या पायऱ्यांवर व आत, तसंच या दोहोंमधल्या संपूर्ण ओहायो राज्यात, हवेतली आर्द्रता सकाळी आठ ते दुपारी बारापर्यंत साठ टक्क्यांवर कायम ठेवण्याची व्यवस्था कंपनीने करावी आणि तसं उलटटपाली कळवावं, ही नम्र विनंती."